पर्सनल कोच: आठ महिन्यांनंतरचा अनुभव, आणि निवडताना झालेली एक चूक

दीड वर्षापूर्वी मला टीम लीड केलं. काम करता येत होतं, करून घेता येत नव्हतं. टीममधल्या एका मुलाने रिपोर्ट दिला की मी ‘छान झालाय’ म्हणायचे आणि रात्री अकराला बसून तो पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचे. थकून गेले तेव्हा कोच शोधायला लागले, म्हणजे प्रश्न विचारून आपलं उत्तर आपल्यालाच शोधायला मदत करणारी व्यक्ती.

पहिला कोच मी त्याची भाषणं ऐकून निवडला. बोलणं जबरदस्त. ९० दिवसांत आमूलाग्र बदलाची हमी, आणि त्याच दिवशी पूर्ण पॅकेजचे पैसे भरले तर सवलत. मी भरले. तासाभराच्या सेशनमध्ये पाऊण तास तोच बोलायचा: पहाटे उठा, ध्येयं भिंतीवर लावा, मग स्वतःच्या यशाची गोष्ट. दोन दिवस हुरूप टिकायचा, तिसऱ्या रात्री मी पुन्हा रिपोर्ट उघडून बसलेली. पाच सेशन्सनंतर थांबले. उरलेले पैसे मागितले तर ‘नियमात बसत नाही’. लेखी करार नव्हता, त्यामुळे भांडायलाही आधार नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितेय.

मग नीट माहिती काढली. स्वतःला कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी डॉक्टर-वकिलांसारखा कायदेशीर परवाना लागतच नाही. प्रमाणपत्रं ऐच्छिक असतात. ती देणाऱ्यांतली एक मोठी संस्था म्हणजे १९९५ साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, अर्थात आयसीएफ. तिच्या प्रमाणपत्राच्या चढत्या तीन पायऱ्या आहेत: एसीसी (असोसिएट), पीसीसी (प्रोफेशनल) आणि एमसीसी (मास्टर). एसीसीसाठी किमान ६० तास प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीसाठी १२५ आणि ५००, एमसीसीसाठी २०० आणि २५००. कुणाकडे यातलं काय आहे ते संस्थेच्या साइटवर तपासता येतं. प्रमाणपत्र आहे म्हणून तुमचं त्या माणसाशी जमेलच असं नाही, पण त्याने शेकडो तास दुसऱ्याचं ऐकण्यात घालवलेत एवढं तरी कळतं. नुसत्या ‘सर्टिफाइड’ शब्दावर मात्र जाऊ नका. कुणी केलं आणि किती तासांनंतर, हे विचाराच.

दुसऱ्या वेळी मी तिघांशी ओळखीची भेट घेतली, प्रत्येकी अर्धा तास. वहीत एकच नोंद ठेवली: मी किती बोलले, समोरचा किती. पहिले दोघं चांगले होते, पण मला उत्तरं द्यायची दोघांनाही घाई. तिसऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही रात्री तो रिपोर्ट पुन्हा लिहिता, हे त्या मुलाला माहीत आहे?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग आपला रिपोर्ट कसा झालाय असं त्याला वाटत असेल?”

मला बोलता येईना. त्याही बोलल्या नाहीत. अर्धा मिनिट असेल, पण त्यांनी ती शांतता मला पुरू दिली. मी तिथेच ठरवलं.

त्यांनी आधी दोन पानी करार पाठवला: किती सेशन्स, रद्द केलं तर काय, मध्येच थांबलं तर पैशांचं काय, गुप्तता कशी आणि तिला अपवाद कोणते. कोचिंग म्हणजे मानसोपचार नव्हे, हेही त्यात स्पष्ट होतं. चौथ्या महिन्यात घरच्या आजारपणामुळे मी फार खचले, तेव्हा त्यांनी स्वतःहून सेशन थांबवलं आणि “यासाठी समुपदेशकाकडे जा” असं सांगितलं. मी गेले. हातातलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायला प्रामाणिकपणा लागतो.

पद्धत म्हणाल तर ग्रो (GROW) नावाची चौकट, ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली. त्यात चार प्रश्न: काय हवंय, आत्ता काय आहे, काय काय करता येईल, त्यातलं नक्की काय करणार. वाचायला सोपी, पण ‘आत्ता काय आहे’ यावर मी दोन महिने अडकले. त्यांनी मला आठवडाभर फक्त मोजायला लावलं. नऊ रिपोर्ट मी परत लिहिले होते. त्यातल्या सहांमध्ये चूक नव्हतीच, फक्त माझी भाषा नव्हती. आता मी स्वतः लिहीत नाही. समासात जास्तीत जास्त तीन शेरे, आणि रिपोर्ट परत.

उणिवाही आहेत. तयार सल्ला हवा असेल तर चिडचिड होते. पगारवाढीचं बोलणं कसं करायचं हे विचारलं तर उलट प्रश्नच आले. त्यासाठी मला अनुभवी मेंटर हवा होता. तो जुन्या बॉसच्या रूपात मिळाला. शिवाय सुरुवातीला दोन सेशन्समध्ये पंधरा दिवसांचं अंतर फार वाटलं, आठवड्याने भेटायला हवं होतं.

आता महिन्यातून एकदा भेटतो. गेल्या आठवड्यात त्या मुलाने रिपोर्टसोबत स्वतःच लिहिलं होतं, “ताई, चौथा भाग कच्चा आहे, तेवढा बघून सांगा.” मी तेवढाच बघितला.