शहराच्या कामगिरीचा डॅशबोर्ड: बॉल्टिमोरची बैठक की बॉस्टनचा एक आकडा?

महापालिकेच्या कामगिरीचा डॅशबोर्ड, म्हणजे महत्त्वाचे आकडे एकत्र दाखवणारा पडदा, करायचा ठरला की पहिला वाद सॉफ्टवेअरचा होतो. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय घ्यायचं, सुपरसेट हे मोफत सॉफ्टवेअर बसवायचं की सगळं स्वतःच लिहायचं? माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा. पडद्यासमोर कोण बसणार आणि आकडा पाहून त्याने काय करायचं, हे आधी ठरायला हवं. अमेरिकेतल्या दोन शहरांनी याची अगदी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

बॉल्टिमोरचे महापौर मार्टिन ओमॅली यांनी २००० साली सिटीस्टॅट सुरू केलं. कल्पना न्यूयॉर्क पोलिसांच्या कॉम्पस्टॅटवरून, म्हणजे गुन्ह्यांचे आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारणाऱ्या बैठकांवरून, घेतलेली. त्यात सॉफ्टवेअर बेताचंच होतं: स्प्रेडशीट, नकाशे आणि मोठे पडदे. जोर सगळा बैठकीवर. साधारण दर दोन आठवड्यांनी खातेप्रमुख उभा राहायचा आणि पडद्यावर त्याच्याच खात्याचा ओव्हरटाइम, गैरहजेरी, प्रलंबित तक्रारी. प्रश्न विचारायला महापौर किंवा त्यांचे सहायक, आणि त्यांच्यासाठी आकडे आधीच चाळून ठेवणारा छोटा विश्लेषक गट. खड्डा ४८ तासांत बुजवण्याची जाहीर हमी याच शिस्तीतली. २००४ मध्ये या कामाला हार्वर्डचा पुरस्कार मिळाला.

बॉस्टनने २०१६ मध्ये, महापौर मार्टी वॉल्श यांच्या काळात, सिटीस्कोअर आणला. प्रत्येक सेवेची प्रत्यक्ष कामगिरी तिच्या उद्दिष्टाशी ताडायची. १ म्हणजे उद्दिष्टाइतकं, १ च्या वर चांगलं, खाली कमी. मग साऱ्यांचा मिळून शहराचा एकच आकडा. महापौरांना तो रोज दिसे, नागरिकांनाही. रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतोय हे त्यात वारंवार दिसलं आणि नव्या रुग्णवाहिकांसाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली. हे यश मोठं आहे. पण ते त्या एका सेवेच्या आकड्याचं आहे, एकत्रित गुणाचं नव्हे.

म्हणून मी बॉल्टिमोरच्या बाजूचा. सरासरी नेमकं तेच झाकते जे आयुक्तांना दिसायला हवं. पाणीपुरवठ्याला १.४ आणि कचरा उचलण्याला ०.६ मिळाले तर सरासरी येते १, म्हणजे शहर ठीक चाललंय! शिवाय भागाकाराच्या स्वतःच्या अडचणी आहेत. 'जितकं कमी तितकं चांगलं' अशा मोजमापात, समजा गोळीबाराच्या घटना, उलटं करून उद्दिष्टाला प्रत्यक्ष आकड्याने भागावं लागतं; तो आकडाच शून्य आला तर भागायचं कशाने?

तरी बॉस्टनकडून एक गोष्ट मी जरूर घेईन. सिटीस्कोअरमध्ये उद्दिष्ट लिहिल्याशिवाय आकडा पडद्यावर येऊच शकत नव्हता. आपल्याकडे उद्दिष्टं तयार आहेत. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००८च्या सेवा पातळी मानकांमध्ये पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा मिळून २८ निर्देशांक आहेत: माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, २४ तास पुरवठा, पाण्याच्या ८० टक्के तक्रारींचं निवारण, वगैरे. आता ज्या गावात नळाला दिवसातून एकच तास पाणी येतं त्याचा गुण १ भागिले २४, म्हणजे ०.०४. तिथल्या अभियंत्यांनी जिवाचं रान करून पुरवठा दोन तासांवर नेला तरी ०.०८, आणि रंग लालच. दुपटीने सुधारलेलं काम नापास दाखवणारा डॅशबोर्ड महिन्याभरात कुणी उघडणार नाही. म्हणून उद्दिष्टाच्या रेषेबरोबर त्याच प्रभागाची गेल्या वर्षीची रेषाही हवी.

बैठकीच्या पद्धतीचा धोका वेगळा आहे. भरसभेत जाब द्यायचा म्हटलं की आकडे 'सुधारले' जातात. गंभीर गुन्हे सौम्य कलमांत नोंदवले जातात, ही टीका कॉम्पस्टॅटवर झालीच. आपल्या तक्रार ॲपमध्ये याचं रूप म्हणजे काम न होताच 'निकाली' पडलेली तक्रार. त्यामुळे निकाली तक्रारींच्या शेजारीच, तितक्याच मोठ्या अक्षरात, त्याच जागेवरून महिन्याभरात पुन्हा आलेल्या तक्रारी दाखवा. ही एक चौकट बाकी दहा आलेखांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

नकाशाबाबत तर मी फारच सावध राहीन. तक्रारींचा नकाशा त्रास कुठे आहे हे दाखवत नाही, तक्रार कोण करतं ते दाखवतो. ॲप न वापरणारी वस्ती त्यावर हिरवीगार दिसेल. दरडोई प्रमाण काढावं तर हाताशी जनगणना २०११ची, आणि तेव्हा शेतं असलेल्या भागांत आज सोसायट्या आहेत. त्यापेक्षा नळजोडण्या किंवा मालमत्ता कराच्या नोंदी छेदाला घ्या.

आयर्लंडमधल्या डब्लिनने २०१४ मध्ये मेनूथ विद्यापीठाच्या मदतीने उभारलेला डॅशबोर्ड हा तिसरा मार्ग: सगळा डेटा नागरिकांसमोर मोकळा. चांगला आहे, पण त्याने खातेप्रमुखाला जाब विचारला जात नाही. तो दुसऱ्या टप्प्यात करावा.

उरलं सॉफ्टवेअर. दहा-वीस अधिकारीच पाहणार असतील आणि कार्यालयात मायक्रोसॉफ्टची परवानापत्रं आधीच असतील, तर पॉवर बीआय सोयीचं. मात्र प्रत्येक वापरकर्त्यामागे खर्च वाढतो. डेटाबेस सांभाळणारा एक माणूस कायम हाताशी असेल तर सुपरसेट किंवा त्याच्यासारखंच मेटाबेस. तो नसेल तर नको. नागरिकांसाठीचं पान स्वतः लिहिणार असाल तर डी३ या आलेख काढायच्या मोफत कोड-संचामध्ये लाख-कोटींचा स्वल्पविराम आणि देवनागरी अंक दोन्ही नीट बसवता येतात. कोणतंही घेण्याआधी 'स्वच्छता', 'क्षेत्रीय', 'मलनिस्सारण' हे शब्द असलेला अहवाल पीडीएफमध्ये काढून पाहा. जोडाक्षरं तुटली तर पुरवठादाराला ते दुरुस्त करायला लावा, आणि मगच कार्यादेश द्या.