हातहत्यारांसोबत १४ महिने: रंधा, पटाशी, करवत आणि धारेचा दगड

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या चिपळूणजवळच्या घराचे कौलारू छप्पर उतरवले, तेव्हा निघालेले सागाचे वासे आणि दोन तुळया वखारीत विकण्याऐवजी मी पडवीत रचून ठेवल्या. त्या लाकडाचे काहीतरी स्वतःच्या हातांनी, यंत्राशिवाय करावे या इच्छेने मी हत्यारे घेतली. त्यांत चार क्रमांकाचा लोखंडी रंधा, ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या चार पटाश्या, नेहमीची हातकरवत, ओढून कापणारी जपानी करवत, काटकोन तपासायचा गुण्या, कडेला समांतर रेघ आखायचे मार्किंग गेज, लाकडी मोगरी आणि दोन बाजूंचा धारेचा दगड एवढे होते. आज त्याला १४ महिने झाले. या काळात दोन पाट, एक चौरंग, पुस्तकांची एक मांडणी आणि खिडकीच्या कुजलेल्या चौकटीची खालची पट्टी एवढे काम झाले. हत्यारे घेऊ पाहणाऱ्यांना मला सर्वांत आधी हे सांगावेसे वाटते की, दुकानातून घरी येते ते हत्यार अर्धेच तयार असते आणि उरलेले अर्धे आपल्यालाच करावे लागते. हे मला कुणी आधी सांगितले असते, तर पहिले दोन महिने मी स्वतःच्या हातांना दोष देत बसलो नसतो.

सुरुवात रंध्यापासून करतो, कारण सर्वांत जास्त शिकवले ते त्यानेच. लोखंडी रंध्याची ही रचना लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराची. स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि आजही बाजारात मिळणारे बहुतेक लोखंडी रंधे त्याच धर्तीचे असतात. चार क्रमांकाचा रंधा साधारण २४५ मिलिमीटर लांब असतो, त्याचे पाते ५० मिलिमीटर रुंद असते आणि ते ४५ अंशांत बसते. मी घेतलेला रंधा स्वस्तातला, देशी बनावटीचा होता. पहिल्या दिवशी सागाच्या फळीवर चालवला, तर तो दोन बोटे पुढे जाई, अडखळे आणि लाकडाचा पापुद्रा उखडून थांबे. पाते वर-खाली करून पाहिले, जोर लावून पाहिला, काहीच फरक पडला नाही.

आमच्या वाडीत एक वयस्कर मेस्त्री आहेत. त्यांनी रंधा उलटा करून उजेडाकडे धरला, तळावर पोलादी पट्टी उभी ठेवली आणि मला पाहायला सांगितले. पट्टीखाली, पात्याच्या तोंडाशी, उजेडाची बारीक फट स्पष्ट दिसत होती. ‘तळ पोकळ आहे याचा. पातं लाकडावर टेकणार कसं?’ असे म्हणून त्यांनी रंधा माझ्या हातात दिला.

मग मी आठ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तुकड्यावर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवला, रंध्याच्या तळावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि पाते आत ओढून, पण नेहमीसारखे घट्ट कसूनच, तळ घासायला घेतला. पाते कसलेले ठेवायचे कारण त्याच्या ताणाने रंध्याचे अंग किंचित वाकते, आणि तळ त्याच अवस्थेत सपाट व्हायला हवा. घासल्यावर पुढच्या आणि मागच्या टोकाच्या रेघा लगेच गेल्या, पण तोंडाभोवतीच्या तशाच राहिल्या, म्हणजे खोलगटपणा नेमका तिथेच होता. तीन संध्याकाळी घासल्यावर शेवटची रेघ पुसली गेली. संपूर्ण तळ आरशासारखा करण्याची गरज नसते. पुढचे टोक, तोंडाभोवतीचा भाग आणि मागचे टोक हे तीन भाग एका पातळीत आले की रंधा चालतो.

त्यानंतर पाते. पात्याची मागची, सपाट बाजू कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या खुणांनी भरलेली होती, आणि तशा बाजूची कितीही धार काढली तरी ती टिकत नाही, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा आणि त्यांतला एक खडबडीत असेल तर रेषाही दातेरीच राहते. मागच्या बाजूचा धारेलगतचा बोटभर भाग चकचकीत केला, उतार २५ अंशांचा ठेवला आणि अगदी टोकाशी ३० अंशांचा बारीक दुसरा उतार दिला. दगडावर काम नीट झाले की पात्याच्या मागच्या बाजूला धातूची केसाएवढी कोर उमटते. ती बोटाच्या पेराला जाणवली म्हणजे समोरची बाजू पुरेशी घासली गेली. मग पाते उलटे करून ती कोर काढायची. धार तपासण्याची मेस्त्रींची रीत मला सर्वांत भरवशाची वाटली: पाते अंगठ्याच्या नखावर तिरके, वजन न देता टेकवायचे, घसरले तर धार नाही, रुतले तर आहे.

त्या दिवशी पात्यावरची दाबपट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणली, तळाला साधी मेणबत्ती घासली आणि तीच फळी पुन्हा घेतली. रंध्याच्या तोंडातून फळीच्या पूर्ण लांबीचे, पाते जेवढे रुंद तेवढेच रुंद सालपट वर आले, गुंडाळत गेले आणि पडवीत सागाचा तो कडवट, तेलकट वास पसरला. ते सालपट मी वर्तमानपत्रावर ठेवले, तर त्यातून अक्षरे वाचता येत होती. चाळीस वर्षे छपरात धूर खाऊन काळा पडलेला वासा आतून असा मधासारख्या रंगाचा असेल, हे तोवर मला ठाऊक नव्हते.

आता पटाश्यांविषयी. प्लॅस्टिकच्या मुठीच्या पटाश्या दिसायला साध्या असतात, पण मोगरीचे घाव त्या निमूट सोसतात, आणि कुसवाची, म्हणजे जोडात आत शिरणाऱ्या लाकडाच्या जिभेची, खाच कोरताना हाच गुण लागतो. लाकडी मूठ हाताला बरी लागते, मात्र तिच्या टोकाला लोखंडी कडी नसेल तर ती फुटते. माझ्याकडून पहिल्याच महिन्यात एक पटाशी बिघडली. धार लवकर यावी म्हणून विजेच्या चाकावर धरली आणि तिचे टोक क्षणात निळे पडले. तेवढ्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि तसे मऊ पडलेले टोक सागाच्या दोन घावांत वळते. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे चांगली पाजवलेली पटाशीही त्याच्यावर लवकर बोथट होते, मग पाणी उतरलेलीची काय कथा. शेवटी निळा भाग दगडावर पूर्ण घासून काढावा लागला. तेव्हापासून चाकाला हात लावलेला नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने काम थांबवून दगडावर दहा-बारा हात फिरवणे हे मला अधिक जलद वाटते. म्हणूनच पैसे मोजके असतील तर पटाशी एक कमी घ्यावी, पण दगड चांगला घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

जपानी करवत ओढताना कापते, त्यामुळे तिचे पाते पातळ ठेवता येते, काप अरुंद पडतो आणि आखलेल्या रेघेशेजारून ती सरळ उतरते. मांडणीच्या फळ्यांची कुसवे तिनेच कापली आणि ती पटाशीने क्वचितच तासावी लागली. तिची उणीव मात्र जुन्या लाकडात कळली. वाशात गंजलेला चुका, म्हणजे बारीक खिळा, लपलेला होता, तो लागला आणि तिचे दोन दात उडाले. या करवतीचे दात उष्णतेची विशेष प्रक्रिया करून इतके कठीण केलेले असतात की कानस त्यांच्यावर चालत नाही, त्यामुळे पातेच बदलावे लागले. साध्या हातकरवतीला तसाच चुका लागला, तेव्हा मेस्त्रींनी तिधारी कानस घेऊन वीस मिनिटांत दात पुन्हा सरळ केले. छपराच्या, दारा-खिडक्यांच्या जुन्या लाकडावर काम करायचे असेल तर कानशीने धार लावता येईल अशीच करवत आधी घ्यावी आणि लाकूड कापण्यापूर्वी त्यावरून जोरकस लोहचुंबक फिरवावे.

गुण्याबद्दल तक्रार आहे. नवा, कंपनीचा गुण्या काटकोनात नव्हता आणि चौरंगाचे पाय जोडेपर्यंत मला ते समजले नाही. तपासणे सोपे असते: सरळ कडेच्या फळीवर गुण्याने रेघ मारावी, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक त्यात आहे. ही परीक्षा दुकानातच घ्यावी. दुकानदाराने नाक मुरडले तरी घ्यावी. माझा चौरंग अजूनही एका पायावर किंचित डुलतो.

पावसाळा हा आमच्याकडचा खरा कसोटीचा काळ. जुलैमध्ये एका सकाळी रंधा उचलला, तर त्याच्या बाजूवर माझ्या आदल्या दिवशीच्या अंगठ्याचा ठसा तांबड्या गंजात उमटलेला होता, रेषांसकट. घाम आणि दमट हवा यांना एक रात्र पुरते. सुरुवातीला खोबरेल लावले, पण ते काही आठवड्यांत चिकट होते आणि त्यावर भुसा बसतो. शिलाई मशीनचे तेल चांगले निघाले. आता काम संपले की प्रत्येक हत्यार तेलाच्या फडक्याने पुसतो आणि झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. यंदाचा जून-जुलै त्या एका फडक्यावर निभावला.

मेस्त्रींनी मला त्यांचा एक जुना लाकडी रंधा वापरायला दिला आहे, शिसवी अंगाचा, पाचर ठोकून पाते पक्के करायचा. त्याला गंजायला पात्याशिवाय काही नाही, वजन कमी असल्याने दंड भरून येत नाहीत आणि सागावर तो लोखंडापेक्षा हलका सरकतो. पण त्याला स्क्रू नाही. पाते खाली आणायला पात्याच्या डोक्यावर आणि वर घ्यायला रंध्याच्या मागच्या टोकावर हातोडीने हळूच ठोकायचे असते. लोखंडी रंध्याचा स्क्रू एका दिवसात हाताला बसला. ही ठोक मात्र मला अजून साधलेली नाही, दहातले सहा वेळा पाते जास्तच उतरते. गणपतीनंतर उरलेल्या तुळईच्या फळ्या काढायच्या आहेत, त्या याच रंध्याने साफ करायचे ठरवले आहे.