नव्या गाडीला पीयूसी मागून तीन हजार उकळले

माझा मावसभाऊ जुलैमध्ये वहिनी आणि दोन मुलांना घेऊन कोल्हापूरहून आमच्याकडे डिचोलीला आला होता. गाडी नवी, नोंदणी होऊन वर्षही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी चौघं कळंगुटला निघाले. म्हापसा सोडल्यावर थोड्याच अंतरावर भर पावसात एकाने हात दाखवून गाडी थांबवली. अंगात रेनकोट, खाली खाकी पँट. नावाची पट्टी असलीच तर ती रेनकोटखाली.

भावाने डिजिलॉकर हे सरकारी अॅप उघडून लायसन्स आणि आरसी दाखवली. "मोबाइलवरचं गोव्यात चालत नाही, ओरिजिनल काढा." मग पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) मागितली. नव्या गाडीला ती लागत नाही असं शोरूममध्ये सांगितलंय, असं भाऊ म्हणाला, तर हा खेकसला, "कायदा शोरूमवाला सांगणार का मला? दहा हजार दंड आणि गाडी जप्त." धाकटी मुलगी रडायला लागली. तेवढ्यात स्कूटरवरचा एक तरुण काचेशी आला. "दादा, साहेबांशी मी बोलतो, तीन हजारांत मिटवू." मोबाइलवर क्यूआर कोड दाखवला, पैसे गेले, पावती नाही.

रात्री भावाने हे सांगितलं तेव्हा माझा संताप झाला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३९ स्पष्ट आहे: गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर कागदपत्रं छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही रूपात दाखवता येतात. हा नियम देशभर लागू आहे, गोव्यासाठी वेगळा नाही. फक्त गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो त्यात धरत नाहीत, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमध्येच दाखवावं लागतं. पीयूसीचंही तसंच. नियम ११५ प्रमाणे पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष उलटल्यावर ती बंधनकारक होते. नोंदणीची तारीख आरसीवर छापलेली असते, म्हणजे उत्तर त्या माणसाच्या हातातच होतं. दहा हजारांचा आकडा मात्र खरा आहे, प्रदूषणाच्या कलमात दंडाची ती कमाल मर्यादा आहे. खऱ्या आकड्याची भीती घालून खोटा गुन्हा गळ्यात बांधायचा, ही यांची रीत.

तो खरा पोलीस होता की तोतया, मला ठाऊक नाही. खरा असेल तर अधिक वाईट. सीटबेल्ट नसेल तर हजार रुपये दंड आहे, तो भरलाच पाहिजे आणि पोलिसांनी घेतलाच पाहिजे. पण दंड चलानानेच घेतला जातो. त्यावर गाडीचा नंबर, कलम, रक्कम सगळं असतं, आणि ते परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीच्या नंबरने शोधता येतं. आम्ही शोधलं. भावाच्या गाडीवर एकही चलान नाही.

म्हणून एमएच पासिंगच्या गाडीने येणाऱ्या माझ्या सगळ्या नातेवाइकांना मी हेच सांगते: कुणी अडवलं तर आधी नाव आणि नेमणुकीचं ठाणं विचारा. दंड सांगितला तर "चलान करा" एवढंच म्हणा. चलान जागच्या जागी भरायची सक्ती नसते, मागाहून ऑनलाइन भरता येतं किंवा कोर्टात त्याला हरकत घेता येते. मध्ये तिसरा माणूस आला की काच वर करा आणि गाडीतूनच ११२ लावा. मुलं सोबत असली की माणूस लवकर घाबरतो, हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पैसे ज्या नावावर गेले ते नावही दिलं. पैसे अजून परत आलेले नाहीत. त्याच रस्त्यावर आणखी कुणी असे पैसे दिले असतील तर रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका, मोबाइलमधली व्यवहाराची नोंद जपून ठेवा आणि तक्रार करा. एकाच खात्याविरुद्ध चार तक्रारी गेल्या तर तपास करणाऱ्याला त्या खात्याच्या मालकापर्यंत जावंच लागेल.