सकीना हलाल ग्रिल, वॉशिंग्टन डीसी: पैसे नसले तरी ताट तेच

व्हाइट हाउसपासून चालत जाण्याजोगं, के स्ट्रीटवरचं हे पाकिस्तानी-भारतीय रेस्टॉरंट. मालक काझी मन्नान १९९६ मध्ये पाकिस्तानातून अमेरिकेत आले, पेट्रोल पंपावर राबले, लिमोझिन चालवली आणि २०१३ मध्ये इथे पाय रोवले. नाव आईचं.

पैसे नसलेल्या माणसाने आत येऊन तसं सांगायचं, बस्स. कुपन नाही, ओळखपत्र नाही, चौकशी नाही. पैसे देणाऱ्याला जे जेवण, तेच त्यालाही, त्याच टेबलांवर. आमच्या मते खरी सेवा इथेच आहे. मागच्या दाराने पाकीट हातात ठेवलं की पोट भरतं, पण माणूस दाराबाहेरच राहतो. इथे थंडीत बसायला ऊब मिळते, स्वच्छतागृह वापरता येतं. बेघरांना अन्नाइतकीच याचीही अडचण असते.

मन्नान यांनी सांगितल्याप्रमाणे २०१८ मध्ये सुमारे १६ हजार जेवणं मोफत गेली, म्हणजे दिवसाला चाळीस-पंचेचाळीस ताटं. रस्सा, भात मोठ्या पातेल्यात शिजत असल्याने वाढीव ताटाचा खर्च कमी येतो. जड जातं ते भाडं आणि पगार. म्हणूनच २०२० मध्ये आसपासची ऑफिसं ओस पडल्यावर गणित कोसळलं आणि लोकवर्गणीने रेस्टॉरंट तगलं.

जाणाऱ्यांनी कबाब आणि नान गरमच खावेत. नान गार झाला की चिवट होतो. आणि बिल पूर्ण भरावं, त्यातूनच पुढचं ताट निघतं.