सेलेस्ट रिव्ह्यू: असिस्ट मोड लावला म्हणून कोणी लगेच कॅज्युअल होत नाही

गेमिंगच्या गप्पा रंगल्या की कोणीतरी हमखास छाती फुगवून सांगतंच, आपण हार्डकोर, बाकीचे सगळे टाइमपासवाले. निकष काय, तर गेम किती अवघड, किती तास घातलेस, ईझीवर तर नाही ना खेळलास. आता रोज न चुकता कँडी क्रश खेळून हजारच्या वर लेव्हल पार केलेली माणसं आहेत ती म्हणे कॅज्युअल, म्हणजे टाइमपासवाली, आणि मोठा नावाजलेला गेम घेऊन दोन संध्याकाळी खेळून सोडून देणारा हार्डकोर, हे गणित मला तरी कधी पटलं नाही. सेलेस्टबद्दल लिहायचं कारण हेच, की हा गेम या वादाच्या बरोबर मधोमध येऊन बसतो.

गेम तसा जुना, जानेवारी 2018 चा. मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांची छोटीशी टीम, संगीत लीना रेन यांचं (हेडफोन लावून खेळा, खरंच सांगतोय), आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट इंडिपेंडंट गेम. मॅडलिन नावाची मुलगी आहे, तिला डोंगर चढायचाय, बस. उडी, हवेत एक डॅश (म्हणजे एका दिशेने झपकन झेप) आणि भिंत धरून चढणं, एवढंच तिला येतं, डॅश एकदा वापरला की पाय जमिनीला लागल्याशिवाय परत मिळत नाही, मधे हिरवा क्रिस्टल सापडला तर गोष्ट वेगळी. आणि एवढ्या भांडवलावर प्रत्येक स्क्रीन तुमचा असा घाम काढतो की काय सांगू. मरणार, भरपूर मरणार, पण मेलात की पुढच्या क्षणी त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभे, ना लोडिंग ना मागे कुठेतरी जाऊन परत सगळं चालत येणं. त्यामुळे चिडायलाही वेळ मिळत नाही, बोटं आपोआप परत सुरू होतात.

आता गंमत बघा. ज्याला लोक महाकठीण म्हणून मिरवतात तो गेम आतून प्रचंड दयाळू आहे. कड्यावरून पाय सुटला तरी पुढचा अगदी क्षणभर उडी लागते, बटण जमिनीला टेकायच्या जरा आधी दाबलंत तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्या टेकल्या उडी मारून देतो, डोकं कोपऱ्याला थोडं घासलं तर हळूच बाजूला सरकवतो. हे खेळताना दिसत नाही, फक्त आपला हात भारी बसलाय असं वाटत राहतं. म्हणजे स्वतःला हार्डकोर म्हणवणारासुद्धा गेमची मदत घेऊनच वर पोचतो, फक्त त्या मदतीला मेन्यूत जागा नाही.

मेन्यूत जी आहे ती म्हणजे असिस्ट मोड. गेमचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो, भिंत धरून राहायचा स्टॅमिना न संपणारा, डॅश हवे तेवढे, अगदी मरणच बंद करता येतं. आमच्या ताईने हॉटेलच्या चॅप्टरमध्ये, हॉटेलवाला भूत ओशिरो मागे लागतो ना तिथे, वेग थोडा कमी केला, पण बाकी एकाही सेटिंगला हात लावला नाही, आणि ओठ चावत, खुर्चीच्या टोकावर बसून तो पाठलाग पूर्ण केला. मी म्हटलं, "ताई, मरण बंद कर की, एका दमात होईल." तर म्हणाली, "गप रे, मग खेळू कशाला?" हिला कॅज्युअल कोण म्हणणार, सांगा. दुसरीकडे आमच्यातलाच एकजण मोड लावायचा नाही म्हणून अडून बसला आणि त्याच स्क्रीनवर गेम कायमचा सोडून दिला, वर अजूनही अवघड गेमांवर लेक्चर देतो.

वाटेत गोळा करायच्या स्ट्रॉबेऱ्यांचंही तसंच. मूळ गेममध्ये 175 आहेत, अशा वेड्यावाकड्या जागी की एकेकीसाठी जीव जातो, आणि त्यातून मिळतं काय तर शेवटी बनणारा स्ट्रॉबेरी पाय (तो खायचा, केकसारखा) जरा बरा दिसतो. गेम स्वतःच आधी सांगून टाकतो की मित्रांसमोर मिरवायला बऱ्या, त्यापलीकडे उपयोग नाही. गोष्ट एकही न घेता पूर्ण होते. ज्याला खाज आहे त्याच्यासाठी मग बी-साइड, म्हणजे त्याच चॅप्टरची जास्त अवघड आवृत्ती, त्यावर आणखी अवघड सी-साइड, आणि अख्खा चॅप्टर एकदाही न मरता केलात तर सोनेरी स्ट्रॉबेरी. ही मंडळी खरी वेडी, आणि त्यांच्यातले बरेच जण दुसरा कोण कसा खेळतो यात नाक खुपसत नाहीत असा माझा अनुभव आहे.

तक्रारी? आहेत. आठ दिशांचा डॅश अॅनालॉग स्टिकवर कधीकधी तिरका मारायचा तो सरळ जातो, डी-पॅड, म्हणजे दिशांची अधिक-चिन्हासारखी बटणं, असलेला कंट्रोलर घ्या. वाऱ्याचा चॅप्टर मला उगाच लांबवलेला वाटला. आणि मॅडलिनच्या घाबरण्याची, स्वतःशी भांडण्याची गोष्ट चांगली असली तरी काही संवाद जरा जास्तच समजावून सांगतात.

पहिल्यांदा खेळणार असाल तर स्ट्रॉबेऱ्या सोडा, सरळ शिखर गाठा. तिथे शेवटच्या टप्प्यात 30 पासून खाली मोजत जाणारे झेंडे लागतात, ते संपेपर्यंत उठू नका. 2019 मध्ये आलेला फेअरवेल चॅप्टर मात्र बी-साइड झाल्याशिवाय उघडू नका, तो चांगलाच सोलून काढतो.