लीन ४ बरेच महिने वापरलं, कुणाला घ्यायचं असंल तर वाचा

लातूरला एमएस्सीच्या पोरांना गणित शिकवतो, रात्री जेवण झालं की लीन ४ उघडून बसतो, बरेच महिने हेच चाललंय. सॉफ्टवेअर फुकट आहे. लिओनार्डो डी मौरांनी २०१३ मधे मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधे सुरू केलेलं, सिद्धता कोडसारखी लिहायची आन् ते एकेक पायरी तपासतं.

इन्स्टॉल सोपंय, व्हीएस कोड ह्या कोड लिहायच्या एडिटरमधे एक्सटेन्शन टाकलं की झालं. पण मॅथलिब ही गणिताची लायब्ररी काही जीबीत जाते, हॉटस्पॉटवर उतरवायला घेतली आन् मधेच लाईट गेली की बसा बोंबलत. ८ जीबी रॅमवर चालतं, म्हणजे चालतं म्हणायचं. आधी ब्राउझरमधे बघा.

मी कापरेकरांचं ६१७४ घेतलं, देवळालीचे मास्तर ते, आपलेच. चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या आन् चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहायची, जास्तीत जास्त ७ वेळात ६१७४ येतंच. केसेस सगळ्या मिळून १०,००० पण नाहीत, तरी 'डिसाइड' (म्हणजे तूच हिशोब करून ठरव) लिहिलं की रिकर्जनची, म्हणजे आत आत जात हिशोब करायची, मर्यादा संपली म्हणतं. 'नेटिव्ह डिसाइड'नं झटक्यात होतं, पण मग सिद्धता तपासणाऱ्या छोट्या कर्नलऐवजी (लीनचा गाभा) कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या अख्ख्या कंपायलरवर भरवसा ठेवावा लागतो, आन् लीन हे लपवत नाही, कुठली गृहीतकं वापरली विचारलं की यादीच देतं. हे आपल्याला लई आवडलं.

एक सांभाळा. नैसर्गिक संख्यांत २ वजा ३ इथं ० येतं, शून्यानं भागलं तरी ०, एरर बिरर काही नाही. त्यामुळं विधानच गंडलेलं असंल तर सिद्धता पास होते पण भलत्याच गोष्टीची. 'नो गोल्स' (सिद्ध करायचं काही उरलं नाही) दिसलं म्हणून नाचू नका, विधान परत वाचा.

नवीन शोध लावतं का, असं पोरं विचारतेत. एकटं लीन नाही लावत, फार तर 'एक्झॅक्ट'पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की मॅथलिबमधलं लागू पडणारं प्रमेय हुडकून देतं. गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ ह्या एआयनं २०२४ च्या आयएमओचे (शाळकरी पोरांची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड) काही प्रश्न लीनमधेच सोडवले, भूमितीवाला दुसऱ्या प्रोग्रामनं, मिळून ४२ पैकी २८ मार्क, रौप्यपदकाइतके. पण प्रश्न माणसांनी लीनमधे लिहून दिलेले, आन् काहींना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला, पोरांना साडेचार तासांच्या दोनच बैठका असतेत.

नेट-सेटच्या तयारीला उपयोग शून्य. ज्याला एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) नुसतं पाठ आहे त्याला मात्र बसवाच, 'हे उघड आहे' म्हणून इथं सुटता येत नाही, 'सॉरी' (इथली सिद्धता बाकी आहे) लिहून पुढं जाता येतं पण ते तिथं पिवळी रेघ मारून ठेवतंय.