जुन्या सायकलचे गिअर शिफ्टर बदलताना मी कसा फसलो

"गिअर तर पडतायत ना, काका?" हे वाक्य मी त्या दुकानात तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा सायकल स्टँडवर टांगलेली होती, मागचं चाक हवेत फिरत होतं आणि चेन खरोखरच खालून वर, वरून खाली जात होती. पहिल्या दोन वेळा मी मान डोलावली आणि पैसे दिले. ज्यांच्याकडे मूठ फिरवून गिअर बदलायची जुनी सायकल आहे आणि आता तिचे शिफ्टर, म्हणजे त्या फिरवायच्या मुठी, बदलायला आलेत, त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं लिहून काढतोय.

माझी सायकल पुढे तीन, मागे सात गिअरची. लोखंडी फ्रेम, वजनाला जड, पण चालायला सरळ. उजव्या हाताचा शिफ्टर, म्हणजे मागच्या गिअरचा, खरंच संपला होता. वरचं रबर वितळल्यासारखं चिकट झालं होतं, तळहाताला काळा थर लागायचा. तेवढं चाललं असतं. पण खड्डा आला की गिअर आपोआप तिसऱ्यावरून चौथ्यावर उतरायचा. या शिफ्टरच्या पोटात प्लॅस्टिकच्या खाचा असतात आणि एक बारीक स्प्रिंग त्या खाचांत बसते. आपल्याला 'टक्' असा आवाज येतो तो तिचाच. वर्षानुवर्षं फिरवून खाचांच्या कडा गोल झाल्या की स्प्रिंग घसरते. वायर गंजली असेल तरी गिअर नीट पडत नाहीत, म्हणून मी आधी नवीन वायर घालून पाहिली होती. फरक पडला नाही. शिफ्टरच गेला होता, याबद्दल माझी खात्री होती आणि आजही आहे.

दुकानात मी एवढंच सांगितलं, उजवा शिफ्टर बदलायचाय. मालकाने उजव्याला हातही लावला नाही, आधी डावा फिरवला. "काका, हा पण गेलाय. पुढे गिअर तीन, आणि हा बघा किती वेळा टकटक करतो. आतले दाते तुटलेत." मी स्वतः फिरवून पाहिलं, टकटक होतीच. मला पटलं.

ती टकटक हा बिघाड नव्हता. जुन्या ट्विस्ट शिफ्टरपैकी बऱ्याच डाव्या शिफ्टरमध्ये तीनच टप्पे नसून अशा अनेक बारीक खाचा मुद्दाम दिलेल्या असतात. मागे गिअर बदलला की चेन तिरकी होते आणि पुढच्या डिरेलरच्या (चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाच्या) पट्टीला घासायला लागते. तेव्हा मूठ एक खाच इकडे किंवा तिकडे फिरवली की घासणं थांबतं. मी स्वतः ते रोज करत होतो, हाताला सवय होती, पण कोणी 'दाते तुटलेत' म्हटल्यावर ती सवय मला आठवली नाही. माझा धडधाकट डावा शिफ्टर असा गेला.

दोन दिवसांनी सायकल मिळाली. नवे शिफ्टर, नवी वायर, नवे आउटर, म्हणजे वायरवरचं आवरण. मालकाने पेडल हाताने फिरवलं, उजवी मूठ एकदा वळवली, चेन मागच्या सात दातेरी चक्रांपैकी मधल्या चक्रावर. पुन्हा वळवली, सर्वात मोठ्या चक्रावर. मग तसंच खाली. झटपट, सफाईने. "गिअर तर पडतायत ना, काका?"

रस्त्यावर आलो आणि पहिल्याच क्लिकला चेन खडखडायला लागली. ना या चक्रावर, ना त्या. दुसऱ्या क्लिकला शांत. तिसऱ्याला पुन्हा खडखड. चौथ्याला एकदम हलकं पेडल. खाली वाकून पाहिलं तर चेन सर्वात मोठ्या चक्रावर जाऊन बसलेली, आणि हँडलवरच्या खिडकीत आकडा ३. तिथून पुढे मूठ दगडासारखी, हलेचना.

परत गेलो. आता दोष माझ्या सायकलचा निघाला. "डिरेलर जुना आहे, त्याची स्प्रिंग मेलीये. नव्या शिफ्टरला तो साथ देत नाही." डिरेलर बदलला. मग फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचाचे, दाते झिजलेत म्हणाला, तेही बदललं. नव्या फ्रीव्हीलवर जुनी चेन चालत नाही म्हणून चेनही. झिजलेली चेन नव्या दात्यांवरून घसरते हे खरं आहे, म्हणूनच मी वाद घातला नाही. पण माझी चेन काही महिन्यांपूर्वीच बदललेली होती. मापायला साधी पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, बारा इंचावर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. तो खुणेपुढे एक षोडशांश इंच सरकला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. हे मला माहीत होतं. तरी मी तिथे पट्टी मागितली नाही. समोरचा माणूस दिवसभर हेच काम करतो, त्याच्यासमोर पट्टी काढायला संकोच वाटला, आणि हाच संकोच मला सर्वात महाग पडला.

पुन्हा स्टँड, पुन्हा तेच प्रात्यक्षिक. छोटं चक्र, मधलं, मोठं. आणि पुन्हा तेच वाक्य.

त्या संध्याकाळी चढावर उभं राहून पेडल मारताना चेन दोन चक्रांच्या मध्ये अडकली आणि सुटली. पाय मोकळाच खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. मागून गाडी नव्हती म्हणून निभावलं. ज्यांना गिअर नीट न पडणं ही किरकोळ कुरकुर वाटते, त्यांना हे सांगणं भाग आहे.

घरी येऊन एका सायकलवेड्या मित्राला फोन केला. त्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "दुकानात मूठ वळवताना क्लिक किती झाले, मोजले का?"

मोजले नव्हते. आता डोळ्यांसमोर आणलं तेव्हा कळलं. मालक दर वळणाला दोन क्लिक घेत होता. एका झटक्यात दोन. म्हणून चेन शांत बसत होती.

मित्राने फोनवर जे करायला सांगितलं ते कोणालाही घरी करता येईल. मागच्या डिरेलरवर वायर धरणारा बोल्ट सैल करून वायर सोडवली. शिफ्टर सातव्या आकड्यावर, म्हणजे वायर सर्वात सैल. आउटर संपतं तिथे वायरवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला, शेजारी मोजपट्टी धरली, एका हाताने वायर ताणून ठेवली आणि मुलाला मूठ एकेक क्लिक फिरवायला सांगितली. सात गिअर म्हणजे सहा क्लिक. सहा क्लिकमध्ये झेंडा सत्तावीस मिलिमीटर सरकला होता. दर क्लिकला साडेचार.

आता हिशेब बघा. सात गिअरच्या फ्रीव्हीलवर दोन चक्रांमधलं अंतर ५ मिलिमीटर असतं. माझा डिरेलर शिमानो या कंपनीच्या पद्धतीचा, म्हणजे वायर १ मिलिमीटर ओढली की तो साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. त्याला प्रत्येक क्लिकला २.९ मिलिमीटरच्या आसपास वायर हवी, सहा क्लिकला सतरा-अठरा. स्रॅम कंपनीची एक पद्धत वेगळी आहे, तिला १:१ म्हणतात. तिच्यात शिफ्टर जास्त वायर ओढतो आणि डिरेलर कमी सरकतो. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण १:१ चा शिफ्टर आणि शिमानो पद्धतीचा डिरेलर अशी जोडी लावली की एका क्लिकला डिरेलर साडेसात मिलिमीटरच्या वर सरकणार, म्हणजे दीड चक्र. एक क्लिक अधांतरी, दुसरा तीन चक्रं पुढे जाऊन नीट, तिसरा अधांतरी, चौथ्याला चेन मोठ्या चक्रावर. पुढचे दोन क्लिक जायला जागाच नाही, म्हणून मूठ दगडासारखी. माझ्या सायकलवर नेमकं हेच घडत होतं.

या शिफ्टरचा इतिहास थोडा सांगतो, कारण घोळ तिथूनच येतो. स्रॅम ही कंपनी १९८७ मध्ये शिकागोत सुरू झाली आणि 'ग्रिप शिफ्ट' हेच तिचं पहिलं उत्पादन. तेव्हा तिचे स्वतःचे डिरेलर नव्हते, म्हणून ते शिफ्टर दुसऱ्यांच्या डिरेलरवर चालतील असे बनवले जात. १९९० च्या दशकात तिने स्वतःचे डिरेलर काढले आणि १:१ पद्धत आली, पण शिमानोला चालणारे ट्विस्ट शिफ्टरही ती बनवत राहिली. त्यामुळे एकाच कंपनीचे, दिसायला जवळपास सारखे, आतून मात्र वेगवेगळ्या मापाचे शिफ्टर बाजारात फिरत राहिले. शिमानोचे स्वतःचे ट्विस्ट शिफ्टर 'रेव्होशिफ्ट' नावाने येतात. 'जुन्या सायकलचे पार्ट आता येत नाहीत, आहे ते लावून घ्या' असं मला सांगितलं गेलं. सात गिअरचे ट्विस्ट शिफ्टर आजही नवे बनतात.

मालकाला हे माहीत नसेल, अशी शंका मलाही आली. चूक कोणाचीही होते. पण माहीत नसलेला माणूस स्टँडवर एकेक क्लिक घेऊन दाखवतो आणि स्वतःच गोंधळतो. दोन-दोन क्लिक घेणाऱ्याला एक क्लिक घेतल्यावर काय होतं ते पक्कं ठाऊक असतं.

मग मी बाकीचंही उघडून पाहिलं. शिफ्टर हँडलवरून काढला तर 'नव्या' शिफ्टरच्या वायर-झाकणाच्या स्क्रूची खाच घासून गुळगुळीत झालेली, आणि आतल्या कडेला आधी कुठल्यातरी हँडलवर आवळल्याचं गोल वळ उमटलेलं. कुणाच्या तरी सायकलवरून उतरवून पुसून लावलेला माल होता. आउटरचं टोक कापून पाहिलं. गिअरच्या आउटरमध्ये बारीक सरळ तारा असतात, कापलेल्या टोकाकडे समोरून पाहिलं तर ठिपक्यांचं कडं दिसतं. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. माझ्या गिअरला ब्रेकचं आउटर लावलेलं होतं. ते दाबलं जातं आणि तेवढी वायरची ओढ वाया जाते. उलट गिअरचं आउटर कोणी ब्रेकला लावलं तर ते जोरात ब्रेक मारताना फाटू शकतं, ते तर जिवावर बेतणारं. तेव्हा दुकानातून सायकल आणल्यावर ब्रेकची आउटरही एकदा बघाच.

आणि तो 'मेलेला' डिरेलर? तो तपासायची रीत मित्राने सांगितली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं, इतकी ती सोपी आहे. पेडल फिरवत राहायचं, फ्रेमवरून जाणारी उघडी वायर हाताने धनुष्याच्या दोरीसारखी हळूहळू ओढायची. डिरेलर एकेक चक्र चढत गेला आणि वायर सोडल्यावर झटकन खाली परतला, तर स्प्रिंग ठणठणीत आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. जुना डिरेलर सायकलवर होता तोवर मी ते केलं नाही, नंतर करायला तो माझ्याकडे उरला नव्हता.

तिसऱ्या खेपेला दुकानात गेलो तो मोजपट्टी आणि चिकटपट्टी घेऊनच. मालकाने सायकल स्टँडवर चढवली, मूठ वळवली, "गिअर तर पडतायत ना, काका?" मी म्हटलं, आता एकेक क्लिक घ्या, मी मोठ्याने मोजतो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. पहिल्या क्लिकला खडखड झाली, तिसऱ्याला झाली, पाचवा पडलाच नाही. मग मी स्क्रू दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी शिफ्टरच्या जोडीचे पैसे परत दिले. डिरेलर, फ्रीव्हील, चेनचे नाही. "लावलेला माल परत होत नाही." माझे जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. आणि माझ्याकडे असलेल्या बिलावर काय लिहिलं होतं? 'गिअर सेट बदलला.' कंपनी नाही, मॉडेल नाही, नवा की वापरलेला ते नाही. भांडायला माझ्या हातात कागदच नव्हता. काम सुरू व्हायच्या आधी जुना पार्ट परत हवा असं सांगणं आणि नव्या पार्टचं खोकं स्वतः पाहून त्यावरचं मॉडेल बिलात लिहून घेणं, एवढं मी केलं असतं तर गोष्ट इथपर्यंत आली नसती.

पुढे सात गिअरचा, शिमानो पद्धतीचा नवा जोड मी स्वतः आणला. लावण्याआधी टेबलावरच वायर घालून मोजला, सहा क्लिकला साडेसतरा मिलिमीटर. गिअरचंच आउटर लावलं. मूठ आत सरकवायला थोडं सिलिकॉन ग्रीस वापरलं, साधं नाही, कारण साध्या ग्रीसने काही प्लॅस्टिक आणि रबरं फुगतात. शिफ्टर हँडलवर जागा खातो, म्हणून पुढची ग्रिप आखूड लागते हेही लक्षात ठेवा, नाहीतर ब्रेकच्या लिव्हरला जागा उरत नाही. केबल ताणायचा छोटा गोल नट थोडा थोडा फिरवत गेलो आणि चेन सातही चक्रांवर एकेक क्लिकला चढली.

डावा शिफ्टर मात्र तसा परत मिळाला नाही. जोडीत आलेल्या डाव्याला तीनच टप्पे आहेत. मागे मोठ्या चक्रावर गेलो की पुढे चेन पट्टीला घासते, बारीक किरकिर ऐकू येते, आणि माझा डावा हात अजून सवयीने मूठ एक खाच मागे घ्यायला जातो.